चार्जिंगची गाडी परवडते कुणाला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गटाच्या बैठकीत कर्जमागणीची कारणं आपल्याला पाठ असतात. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घराची डागडुजी. त्यात आता एक नवं कारण आलं आहे : चार्जिंगची स्कूटर. मागणारी कुणी आशाताई असते, कुणी बँक सखी, तर कुणी आठवडी बाजाराला पापड-मसाला घेऊन जाणारी. दुकानदाराने तिला सांगितलेलं असतं, "ताई, पेट्रोलचा खर्च शून्य!" आणि शेजारचे भाऊजी म्हणालेले असतात, "बॅटरी गेली की गाडी भंगारात." दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी आपल्याला वहीत मांडून काढावी लागते. म्हणून आज वही-पेन घेऊन बसा.

आधी उत्तर सांगते, मग हिशोब. चार्जिंगची गाडी परवडते की नाही, हे गाडीवर कमी आणि तिच्या धावण्यावर जास्त ठरतं. जी गाडी रोज भरपूर धावते आणि रात्री घरी परत येते, तिला वीज परवडते. जी आठवड्यातून दोनदा बाजाराला जाते आणि बाकी दिवस अंगणात उभी असते, तिला परवडत नाही. असं का, ते पाहू.

एका किलोमीटरचा खर्च

पहिल्यांदा पेट्रोलची स्कूटर घेऊ. लिटरचा भाव १०५ रुपये धरू. खेड्यातल्या रस्त्यावर स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते असं धरू. १०५ भागिले ४५, म्हणजे किलोमीटरला साधारण २ रुपये ३० पैसे. ज्या गावात पंप नाही आणि किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागतं, तिथे भाव चढा असतो आणि मापाची खात्री नसते. तुमचा आकडा तुम्ही मांडा.

आता विजेची. मध्यम स्कूटरची बॅटरी ३ युनिटची असते. युनिट म्हणजे तेच, जे आपल्या वीजबिलावर असतं. भरताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून ३ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला मीटरवर साडेतीन युनिट पडतात असं धरा. त्यावर गाडी प्रत्यक्षात ८० किलोमीटरच्या आसपास जाते.

पण युनिटचा भाव कोणता धरायचा? इथे पुष्कळ जणी फसतात. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांना दर जवळजवळ दुप्पट लागतो. हा वाढीव दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना असतो, सगळ्या बिलाला नाही. तुमच्या घरी पंखे, टीव्ही, मिक्सर, फ्रिज मिळून आधीच १२० युनिट जात असतील, तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या दरात पडणार. म्हणून सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडा. साडेतीन गुणिले १२, म्हणजे ४२ रुपये. ४२ रुपयांत ८० किलोमीटर. किलोमीटरला साधारण ५० पैसे.

म्हणजे खर्च शून्य नाही. पण २ रुपये ३० पैशांच्या जागी ५० पैसे, ही बचत खरी आहे. किलोमीटरमागे १ रुपया ८० पैसे.

बॅटरीची भिशी

थांबा, अजून आनंद करू नका. या १ रुपया ८० पैशांत बॅटरीचा वाटा आहे. मोबाईलची बॅटरी जशी दोन-तीन वर्षांनी लवकर उतरायला लागते, तशी गाडीचीही हळूहळू दमते. तिची क्षमता एका दिवसात संपत नाही. ८० किलोमीटरच्या जागी ७०, मग ६० असं होत जातं. एक दिवस नवी बॅटरी घ्यावी लागते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडते.

म्हणून रोजच्या बचतीतले किलोमीटरमागे ५० पैसे बॅटरीसाठी बाजूला टाका. हजार किलोमीटर गाडी फिरली की ५०० रुपये. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणारीचे ६ हजार जमतील आणि आठ वर्षांत ४८ हजार. हे पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका. गटात जशी मासिक बचत वेगळी टाकता, तशी ही बॅटरीची भिशी समजा.

आता हातात राहिली किलोमीटरमागे १ रुपया ३० पैशांची निव्वळ बचत. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

चार्जिंगच्या गाडीला इंजिन नाही, म्हणून ऑइल बदलणं नाही, प्लग नाही, एअर फिल्टर नाही. तो खर्च वाचतो. टायर, ब्रेक आणि खड्ड्यांत खिळखिळे होणारे भाग मात्र दोन्ही गाड्यांना सारखेच. ऑइलची ही बचत मी हिशोबात धरलेली नाही. ती अडीअडचणीला राहू द्या.

दोन मैत्रिणी, दोन हिशोब

समजा, पेट्रोलची नवी स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत ९५ हजाराला पडते आणि तशीच चार्जिंगची सव्वा लाखाला. फरक ३० हजाराचा. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी भाव वेगळा असेल, तर तो घाला. रीत हीच.

पहिली मैत्रीण बँक सखी. रोज पाच-सहा गावं फिरते, ४० किलोमीटर होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १ हजार किलोमीटर. १ रुपया ३० पैशांप्रमाणे तिचे महिन्याला १ हजार ३०० रुपये वाचतात. ३० हजाराचा फरक दोन वर्षांच्या आतच भरून निघतो. त्यानंतरची बचत तिची.

दुसरी मैत्रीण अंगणवाडीत जाते. जाऊन-येऊन १० किलोमीटर, महिन्याला २५०. तिची बचत महिन्याला ३२५ रुपये. तेच ३० हजार भरून निघायला साडेसात वर्षांच्या वर लागतात. तोवर बॅटरी बदलायची वेळ जवळ आलेली असेल. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, हेही लक्षात ठेवा. कमी चालवली म्हणून ती दुप्पट वर्षं टिकत नाही.

एकच गाडी, एकच दुकान, आणि उत्तरं दोन.

आता यात व्याज घाला. गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोन दराने असेल, तर वरच्या ३० हजारांचं पहिल्या महिन्याचं व्याज ६०० रुपये होतं. मुद्दल फिटत जाईल तसं ते उतरेल, पण सुरुवात ६०० पासून आहे. बँक सखीची बचत १ हजार ३००, ती व्याज भरूनही पुढे राहते. अंगणवाडीच्या ताईची बचत ३२५ आणि व्याज ६००. तिची बचत व्याजातच बुडाली. तेच कर्ज बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी मिळालं, तर व्याज ३०० रुपयांपासून सुरू होतं. म्हणून गाडी पसंत करण्याआधी कर्ज कुठून आणि किती दराने, हे ठरवा.

घरी पेट्रोलची स्कूटर धडधाकट असताना ती विकून चार्जिंगची घ्यावी का? जुनी ३५ हजाराला गेली, तर सव्वा लाखातले ९० हजार नव्याने घालावे लागतील. बँक सखीसारखी रोज ४० किलोमीटर फिरणारी असली, तरी ते भरून निघायला पावणेसहा वर्षं लागतात. जुनी चालते तोवर चालवा. नवी घ्यायची वेळ येईल, तेव्हा हा विचार करा.

चारचाकीचं काय?

काही घरांत मुलगा म्हणतो, गाडीच घेऊ, चार्जिंगची. चारचाकीलाही हाच नियम लागतो, फक्त आकडे मोठे होतात. पेट्रोलची लहान गाडी लिटरला १८ किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे. विजेची गाडी मीटरवरच्या एका युनिटात ६ किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे २ रुपये. पण महिन्याला हजार किलोमीटर चालवली, तर एकट्या गाडीचे दीडशेच्या वर युनिट होतात आणि घराचं बिल ३०० युनिट ओलांडून आणखी वरच्या दरात जाऊ शकतं. म्हणून बचत किलोमीटरला साडेतीन रुपये धरा. दोन गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला ८५ हजार किलोमीटर चालवावी लागते.

लग्न, देवदर्शन आणि दवाखान्यापुरती काढली जाणारी गाडी महिन्याला ५०० किलोमीटरही होत नाही. तिला १४ वर्षं लागतील. पण भाड्याने चालणारी, महिन्याला ३ हजार किलोमीटर फिरणारी गाडी अडीच वर्षांच्या आत फरक काढते. शिवाय साध्या १५ अँपिअरच्या बोर्डावर चारचाकी भरायला रात्र पुरत नाही असंही होतं. घराचा मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागला, तर तो खर्चही किमतीत धरा.

गटाचा माल पोचवायला तीनचाकी टेम्पो घ्यायचा असेल, तर तिथे हा हिशोब बऱ्याचदा जमतो. कारण अशी गाडी रोज ठरलेल्या रस्त्यावर धावते आणि संध्याकाळी परत येते. बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना परवान्याच्या अटीतून केंद्र सरकारने २०१८ साली सूट दिली आहे. नोंदणी, विमा आणि फिटनेस मात्र लागतातच. पण टेम्पोला रोज काम आहे का, हे आधी पाहा. मालच आठवड्यातून एकदा जात असेल, तर भाड्याचा टेम्पो स्वस्त.

पैसा जमला, पण व्यवहार जमतो का?

हिशोब पक्का बसला तरी चार गोष्टी पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

पहिली गोष्ट, अंतर. कंपनी जो आकडा छापते तो चाचणीतला असतो. आपल्याकडे चढ आहे, खराब रस्ता आहे, मागे बसलेली मैत्रीण आहे, पुढे पिशवी आहे. छापलेल्या आकड्याच्या ७० टक्केच धरा. १०० म्हटलं तर ७०. त्यात रोजचं जाणं-येणं बसून वर १५-२० किलोमीटर शिल्लक राहिले पाहिजेत, कारण ऐन वेळी कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं. घाट चढायचा असेल, तर दुकानदाराकडून गाडी मागून तोच घाट एकदा चढून पाहा.

दुसरी, वीज. स्कूटर भरायला चार ते सहा तास लागतात. तुमच्या गावात रात्री तेवढी सलग आणि पुऱ्या दाबाची वीज असते का? पावसाळ्यात तार तुटली की दोन-दोन दिवस अंधार होतो का? तसं असेल, तर घरात दुसरी पेट्रोलची गाडी आहे की नाही, हेही बघा. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी जोडणी लागत नाही. पण शेतपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. वीज सवलतीची आहे म्हणून मोह होतो, पण तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. सगळी बचत एका नोटिशीत जाते.

छतावर सौर पॅनेल बसवलेलं असेल, तर हिशोब तुमच्या बाजूने झुकतो, कारण वरच्या दराची युनिटं विकत घ्यावी लागत नाहीत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये अनुदान आहे. गाडी आणि पॅनेल दोन्हींचं कर्ज एकदम मात्र अंगावर घेऊ नका.

तिसरी, दुरुस्ती. पेट्रोलची गाडी बंद पडली तर फाट्यावरचा गॅरेजवाला खाटखूट करून चालू करून देतो. चार्जिंगच्या गाडीत कंट्रोलर आणि सर्किट असतात. त्यासाठी कंपनीचंच केंद्र लागतं. ते तुमच्या गावापासून किती लांब आहे? ६० किलोमीटर असेल, तर टेम्पोत घालून न्यायचं भाडं आणि बुडालेले कामाचे दिवस मोजा. ज्या कंपनीचं केंद्र तालुक्याला आहे, तिची गाडी दोन-चार हजार महाग असली तरी घ्या. आणि घेण्याआधी तिथे उभ्या असलेल्या दोन गाडीवाल्यांना विचारा, "किती दिवस झाले तुमची गाडी इथे पडून?"

चौथी, कागद. काही स्वस्त स्कूटर "लायसन नको, पासिंग नको" म्हणून विकल्या जातात. ज्या गाडीची मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असतो, तिलाच ही सूट आहे. गावातल्या गावात ती ठीक. पण चढावर दोघींना ओढताना ती दमते आणि मोठ्या रस्त्यावर तिचा हळू वेग धोक्याचा ठरतो. काहींत जुन्या पद्धतीची, शिशाची बॅटरी असते. ती जड असते आणि लवकर उतरते. त्याहून वेगाच्या सगळ्या गाड्यांना नोंदणी, लायसन आणि विमा लागतोच. त्यांची नंबरप्लेट हिरवी असते. विजेच्या स्कूटरच्या थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत असते, ती मागून घ्या. हेल्मेट तर घालायचंच.

दुकानात विचारायचे प्रश्न

अनुदानाच्या पाट्या पाहून भुलू नका. केंद्राची आणि राज्याची अनुदानं येतात, कमी होतात, मुदत संपते. अनुदान वगळून हिशोब जमत असेल तरच घ्या. मिळालं तर तो वरचा नफा. आणि "अनुदान नंतर खात्यात येईल" असं दुकानदार म्हणाला, तर ते बिलावर लिहून मागा.

मग हे विचारा : बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? दोन्हींत जे आधी संपेल ते धरतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळते? आज नवी बॅटरी घ्यायची झाली तर किंमत किती? चार्जर किमतीत आहे की वेगळा? बॅटरी माझ्या मालकीची की भाड्याची? उत्तरं छापील कागदावर घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपते.

घरी आणल्यावर

२०२२ मध्ये काही ठिकाणी अशा स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. तरी काळजी आपल्याही हातात आहे. कंपनीचाच चार्जर वापरा. अर्थिंग असलेला बोर्ड हवा. एक्स्टेन्शनच्या वायरीवर, फ्रिजसोबत एकाच पिनेवर लावू नका. गोठ्यात कडब्याजवळ, चुलीजवळ, गॅसच्या टाकीजवळ चार्जिंग नको. घराबाहेर पडायच्या एकुलत्या एका दाराशीही नको. उन्हातून आल्या-आल्या लावू नका, बॅटरी अर्धा तास निवू द्या. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली, तर पुसून चार्जिंगला लावायची नाही, आधी केंद्रात दाखवायची.

आणखी एक. महिन्याचं वीजबिल पाचशेने वाढेल, तेव्हा घरात ओरड होईल. पेट्रोलचे दोन हजार थोडेथोडे करून पर्समधून जायचे, ते कुणाला दिसत नव्हते. बिल सगळ्यांना दिसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत मीटरचे आकडे आणि किलोमीटर लिहा. ओरडणाऱ्याच्या पुढे वही ठेवा.

गाडी कुणाच्या नावावर?

शेवटची गोष्ट दुकानदार सांगणार नाही. कर्ज गटाचं, हप्ता तुमचा, तर आरसी बुकवर नावही तुमचंच हवं. आणि गाडी दिवसा तुमच्याच हातात हवी. कर्ज आईने काढलं आणि गाडी मुलगा घेऊन फिरतो, असं झालं, तर वर मांडलेला सगळा हिशोब कोसळतो. कारण तो हिशोब तुमच्या कामाच्या किलोमीटरांवर उभा आहे. त्या किलोमीटरांतून जी कमाई येते, त्यातूनच हप्ता फिटणार आहे. रात्री गाडी चार्जिंगला लावायची कुणी आणि सकाळी किल्ली कुणाकडे, हे खरेदीच्या आधीच घरात बोलून घ्या.

पुढच्या बैठकीला येईपर्यंत एक काम करा. पंधरा दिवस तुम्ही रोज किती किलोमीटर जाता ते लिहून ठेवा. एसटीने गेलात, वडापने गेलात, भावजींच्या गाडीवर मागे बसून गेलात, तेही लिहा. सोबत मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं आणा. रोजचे ३०-४० किलोमीटर भरत असतील, रात्री वीज राहत असेल आणि दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला असेल, तर बिनधास्त अर्ज करा आणि गटानेही तो मोकळ्या मनाने मंजूर करावा. दहाच्या आसपास भरत असतील, तर पेट्रोलची साधी, सेकंडहँड गाडी किंवा एसटीचं अर्धं तिकीट तुम्हाला जास्त पैसे वाचवून देईल. त्यात काहीच कमीपणा नाही.

वही उघडी ठेवा, मैत्रिणींनो. नमस्कार.